अंतर संपल्याची बातमी

माणसामाणसांतलं अंतर कायमचं संपलं ते विट्याच्या बाजूच्या एका गावात, नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी, एका गुरुवारी. सकाळी साडेदहाला संपायचं होतं, पण पाहुण्यांची गाडी वाटेत दुसऱ्या एका उद्घाटनाला थांबल्यामुळे ते दीडच्या सुमारास संपलं. तोवर मंडपातल्या बायकांचा दोनदा चहा झाला होता.

हे मी पदरचं सांगत नाही. वर्तमानपत्रात तसं छापून आलं होतं. 'अंतर संपले' असा चार कॉलमी मथळा होता. मी तेव्हा सांगलीत एका दैनिकात उपसंपादक होतो आणि जिल्ह्याचं पान माझ्याकडे असे.

टेलिमेडिसिन हा शब्द त्याच दोन-तीन वर्षांत आमच्याकडे येऊन पोचला होता. एका दैनिकानं त्याला 'दूरवैद्यक' म्हटलं, दुसऱ्यानं 'दूरचिकित्सा'. आमच्या संपादकांना दोन्ही शब्द नापसंत होते. लोकांना तो दूरदर्शनवरचा कार्यक्रम वाटेल, असं त्यांचं म्हणणं. एका अर्थी ते चुकीचं नव्हतं. या बातम्यांची घडण ठरलेली असे. पहिल्या वाक्यात खेडं, दुसऱ्यात एकविसावं शतक, तिसऱ्यात प्रमुख पाहुणे. मग व्यासपीठावर कोण कोण होते ते, मग प्रास्ताविक, मग आभार. रुग्ण शेवटच्या परिच्छेदात येई. आता जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हा आमच्या धंद्याचा साधा नियम. त्यामुळे टेलिमेडिसिनच्या आमच्या बहुतेक बातम्यांत रुग्ण नसे.

सांगलीची बातमी साताऱ्याच्या पानावरही जाई आणि तिकडची इकडे येई. अशी एक बातमी साताऱ्याच्या पानावर गेल्यावर लोणंदच्या वार्ताहराचा मला फोन आला होता.

"साहेब, आमच्याकडं कवा संपणार अंतर?"

"का हो?"

"न्हाई, रेल्वेचं फाटक पडलं की पलीकडच्या दवाखान्यात जाता येत न्हाई. म्हटलं, त्यातलं काय हुतंय का बगा."

मी एकटा राहत असे. त्यामागची कारणं काही रंजक नाहीत. एक खोली होती, तिच्यात पुस्तकं होती, आणि जेवण खानावळीत. पुस्तकांना सुट्टी नसते, खानावळीला रविवारी असे. म्हणून मी रविवारी अक्काकडे जात असे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घर फलटणकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. तिला मात्र दिली विट्याच्या पलीकडे, माळावरच्या गावात, जिथे त्या काळी ऊस फक्त रसवंतीत दिसे.

त्या गावातले पुरुष गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. भारतात जिथे म्हणून सराफ बाजार आहे तिथे बोळात आमच्या भागातल्या कुणाचं तरी गलाईचं दुकान असतं. वयात आलेला मुलगा गेला की दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला उगवायचा, आणि पैसे साठले की गावात बंगला बांधायचा. त्यामुळे गाव बंगल्यांनी भरलेलं आणि माणसांनी रिकामं. गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंना गच्च्या, नक्षीचे कठडे, रंगीत काचा, आणि मधल्या एखाद्या पायरीवर एकटी म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. बाकी दारांना कुलपं.

अक्काचा बंगलाही तसाच. दिवाणखान्यातली फरशी इतकी गुळगुळीत की घसरून पडू या भीतीनं ती तिकडे जातच नसे. स्वयंपाकघर आणि मागची पडवी एवढ्यातच तिचा संसार. दाजी गेले तेव्हा भाचा आला होता. तेरावं करून गेला. नंतर दिवाळ्या आल्या, जत्रा आल्या, तो आला नाही. कधी दुकानात माणूस नव्हता, कधी मुलांच्या परीक्षा. दर रविवारी दुपारी तो शेजारच्या मावशींच्या घरी फोन करी. मावशी कंपाउंडवरून हाक मारत, अक्का हातातलं टाकून जाई. बोलणं बहुधा पावसावर होई, तिकडच्या आणि इकडच्या. मग ती परत येऊन मला सांगे, "बरा हाय." मी म्हणे, "बरं झालं." रविवार असे जायचे.

तिला दम लागायचा. जिना तर सोडाच, पडवीतून न्हाणीपर्यंत गेली तरी मध्ये थांबायची. चल सांगलीला दाखवू, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, एस.टी.त बसवत नाही.

तर एका रविवारी मी नेहमीप्रमाणे आमचा अंक घेऊन गेलो होतो. अक्का चौथीपर्यंत शिकलेली. वाचायची मोठ्यानं आणि सगळं, टेंडर नोटिशीसुद्धा. त्या दिवशी तिनं जी बातमी वाचली ती माझ्याच पानावरची होती. जवळच्या गावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात टेलिमेडिसिन केंद्र सुरू होणार होतं. यंत्रसामग्रीला देणगी दक्षिणेतल्या एका शहरातल्या गलाई व्यावसायिकांची, आणि तारेच्या पलीकडचं इस्पितळही त्याच शहरातलं. अक्काच्या गावात दक्षिणेतल्या सगळ्याच शहरांना मद्रास म्हणत. भाच्याचं दुकानही त्याच मद्रासला. बातमीत लिहिलं होतं की, दूरदेशीचा माणूस आता समोरासमोर बसून बोलणार.

अक्कानं अंक खाली ठेवला.

"म्हंजी हितनं तितलं माणूस दिसतं?"

"दिसतं."

"आन् तितनं हितलं?"

"तेही दिसतं."

"मग फकस्त डाक्टरच कशाला बसवायचा तितं?"

टेलिमेडिसिनवर नंतर मी बरेच लेख वाचले, काहींचं मुद्रितशोधनही केलं. हा प्रश्न कुणी विचारलेला दिसला नाही.

तिनं तो मावशींना विचारला, मावशींनी पुढच्या दारी. दुपारपर्यंत गल्लीनं निकाल देऊन टाकला होता: दवाखाना आपल्या पोरांच्या पैशाचा, इस्पितळ पोरांच्या गावातलं, तेव्हा पोरांना तिथं जाऊन डॉक्टरशेजारी उभं राहायला कोण नको म्हणणार. त्या रविवारी भाच्याचा फोन आला तेव्हा पाऊस बाजूला राहिला.

"गुरुवारी दवाखान्यात जा बग," अक्का रिसीव्हरमध्ये ओरडत होती. लांबचा फोन म्हणजे ओरडायचं, हा तिचा हिशेब. "मी टीव्हीत येनार हाय. डाक्टरच्या बाजूला हुबा ऱ्हा. ... आरं एक दिस दुकान न्हाई उगडलं तर काय सोनं नासतंय व्हय? ... यील न्हवं? ... बरं, बरं."

परत येताना ती कंपाउंडजवळ दम खायला थांबली. "येतो म्हनला," ती म्हणाली. "शबुद दिलाय."

गुरुवारी मी रजा काढली. संपादकांना वाटलं, मी कार्यक्रमाचं वृत्तांकन करायला चाललो आहे. ते खूष झाले. गल्लीतल्या बायका जीप ठरवून निघाल्या. सगळ्या नटून. आजारी एकही दिसत नव्हती. अक्कानं ठेवणीतलं चॉकलेटी लुगडं काढलं होतं आणि केसांना तेल लावून चोपून बसवले होते. वाटेत तिनं मला दोनदा विचारलं की, टीव्हीत सावळं माणूस काळं दिसतं का.

मंडप मोठा होता. दवाखान्याच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती आणि तिच्यात भाच्याचं नाव होतं. अक्कानं ते शोधून काढलं आणि त्याच्यावर बोट ठेवून थोडा वेळ उभी राहिली. आत एका खोलीत टेबलावर मोठा टीव्ही, त्याला झेंडूची माळ, पुढे नारळ. टीव्हीच्या वर छोटा कॅमेरा. टेबलाला जमिनीपर्यंत पांढरं कापड. दाराशी दोन म्हातारे उभे होते.

"नाडी कशी बगनार रं?"

"वायरीतनं."

"आन् सुई?"

"सुई कुरियरनं यील की गड्या. तू टोचून घ्याला जिता ऱ्हा म्हंजी झालं."

पाहुणे आले. फीत कापली गेली. भाषणं झाली. एका वक्त्यानं संजयाला धृतराष्ट्राकडून विट्यापर्यंत आणलं. दुसऱ्यानं सांगितलं की, आता कुणाचीही आई उपचाराविना राहणार नाही. तेव्हा उन्हात बसलेल्या आयांनी टाळ्या वाजवल्या. मग निवेदक म्हणाला की, आता आपण साक्षात डॉक्टरसाहेबांना भेटू या आणि एखाद्या रुग्णानं पुढे यावं. आमचा तालुका वार्ताहर, जो फोटो स्टुडिओही चालवायचा, त्यानं रांगेवर नजर फिरवली आणि अक्काला उठवलं. ताठ बसते आणि चेहरा फोटोला बरा आहे, असं तो मला नंतर म्हणाला. दम्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

अक्का खुर्चीत बसली. पडद्यावर डॉक्टर आले. पांढरा कोट, टाय, मागे फुलदाणी. ते इंग्रजीत बोलू लागले. गावाबद्दल, तंत्रज्ञानाबद्दल, देणगीदारांबद्दल. अक्कानं त्यांना पहिलं वाक्य पुरं करू दिलं.

"आवं डाक्टर," ती म्हणाली, "माजा ल्योक आलाय तितं. भाईर आसंल. त्येला वाईच आत बलवा."

डॉक्टर बोलत राहिले.

"उंच हाय. कपाळाला वन हाय, ल्हानपनी पडल्याला. बलवा की वाईच. म्या काय लय वेळ घेनार न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली.

मी दाराजवळ उभा होतो. वाऱ्यानं टेबलाचं कापड जरा सरकलं आणि खाली एक लाल दिवा दिसला. व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र. टेलिफोन खात्याची खास लाइन अजून यायची होती, पण पाहुण्यांची तारीख आली होती, आणि आमच्याकडे लाइन पुढे ढकलता येते, पाहुणे ढकलता येत नाहीत. तिकडच्या डॉक्टरांनी शुभेच्छा रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या. ते मान हलवत होते ती स्वतःच्याच बोलण्याला. सभ्य माणसं हलवतात तशी.

अक्का दारापलीकडचं कुणी आत येईल म्हणून पडद्याच्या कडेकडे बघत राहिली. डॉक्टरांनी हात जोडले, 'नमस्ते' म्हणाले, पडद्यावर मुंग्या आल्या. टाळ्या झाल्या. वार्ताहरानं फ्लॅश मारला. निवेदक म्हणाला, "आजींनी नुकताच हजार किलोमीटरवरच्या तज्ज्ञांशी संवाद साधला." पुढची म्हातारी उठायच्या आत पाहुणे जेवायला उठले, आणि मग सगळेच उठले.

नंतर शेजारच्या खोलीत ट्रस्टच्या तरुण डॉक्टरनं अक्काची छाती साध्या नळीनं ऐकली, दम्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि धुरापासून लांब राहायला सांगितलं. बातमीत हे आलं नाही.

बायका परत जीपमध्ये बसल्या. कुणाचाच मुलगा दिसला नव्हता, पण कुणाचीच पाळी आली नव्हती, त्यामुळे कुणाला तक्रार करता येईना. फक्त अक्काची पाळी आली होती.

"मान हलवली त्येनं," अक्का मला म्हणाली. "बगितलंस न्हवं?"

"बघितलं."

"बलवाय गेलं आसतील कुनी तरी. तवर बंद पडलं." ती बाहेर बघत होती. "त्यो मला न्हाई दिसला. पर त्येला मी दिसले आसन."

"असशील," मी म्हणालो. आयुष्य वर्तमानपत्रात काढल्यावर माणसाला एवढं जमतं.

संध्याकाळी मी सांगलीला परतलो आणि तडक कार्यालयात गेलो. फोटो आला होता. फ्लॅशमुळे पडदा कोरा पांढरा आला होता. अक्का हात जोडून एका पांढऱ्या चौकोनाकडे बघत होती. असा फोटो लावला तर अंतर संपलं असं कुणाला वाटणार, असं संपादक म्हणाले. पानं लावणाऱ्यानं ट्रस्टकडून आलेला डॉक्टरांचा पासपोर्ट साइजचा फोटो कात्रीनं कापून त्या चौकोनात चिकटवला. तो फोटो जरा एका बाजूला बघत काढलेला होता. त्यामुळे छापून आला तेव्हा डॉक्टर अक्काकडे न बघता शेजारच्या चहापावडरच्या जाहिरातीकडे बघत होते. खाली ओळ होती: 'टेलिमेडिसिनद्वारे तज्ज्ञांशी संवाद साधताना ज्येष्ठ महिला.' बातमीतली बरीचशी विशेषणं मी काढली, काही संपादकांनी परत घातली. मथळा त्यांचाच. मग रात्री खोलीवर जाऊन मी एक चांगलं पुस्तक उघडून बसलो, आणि कितीतरी वेळ तेच पान समोर राहिलं.

ट्रस्टनं त्या दिवसाचे बरेच अंक विकत घेतले आणि दक्षिणेतल्या सगळ्या देणगीदारांना टपालानं पाठवले.

पुढच्या रविवारी भाच्याचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला. मावशींनी हाक मारली. अक्का मला म्हणाली, "तूबी चल." तशी ती कधी म्हणत नसे. मावशींच्या ओसरीवर मी बाकावर बसलो. मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती.

"गेलतास? ... दिसले? ... आं? दिसले?" अक्कानं माझ्याकडे बघून मान डोलावली. तिचा चेहरा मी इतक्या दिवसांत तसा पाहिला नव्हता. मावशींनी हातातली सुपली खाली ठेवली.

"कशी दिसले रं? ... हात जोडल्यालं, व्हय. ... माळ हुती, झेंडूची. व्हय, नारळबी हुता. ... डाक्टर? डाक्टर तिरका बगत हुता? न्हाई रं, हितं तर सरळ बगत हुता."

मी मावशींच्या अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिलो. जो माणूस पलीकडे डॉक्टरशेजारी उभा असतो त्याला अक्का दिसायला पाहिजे. इकडचा टीव्ही, त्याच्यावरची माळ, त्याच्यातला तिरका डॉक्टर हे त्याला कुठून दिसणार. हे सगळं एकत्र फक्त एकाच ठिकाणी दिसत होतं, आणि ते पान माझं होतं.

अक्कानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग जरा हळू आवाजात, न ओरडता, तिनं विचारलं, "लुगडं कंचं हुतं माजं?"

पलीकडून उत्तर आलं.

"बरं," अक्का म्हणाली. "बरं. ... न्हाई, बरी हाय. गोळ्या चालू हायत. ... जेव येळेवर. ठिवते."

मावशी म्हणाल्या, "बगितलं म्हनायचं की गं पोरानं. आमचा तर गेलाबी न्हाई. दुकान न्हाई सोडवत म्हनला."

"बगितलं," अक्का म्हणाली. "चांगलं बगितलं."

आम्ही कंपाउंडच्या कडेनं परत आलो. नेहमीच्या जागी ती दम खायला थांबली. भिंतीला हात टेकून उभी राहिली. गल्लीत कुणी नव्हतं. एका बंद बंगल्याच्या भिंतीतला धूर काढायचा पंखा वाऱ्यानं आपला आपण फिरत होता.

"हिरवं म्हनला," ती म्हणाली.

मीही तिच्याशेजारी भिंतीला टेकलो.

"त्येचा बा गेल्यापासनं हिरवं अंगाला लावलं न्हाई मी. त्येनंच तेराव्याला सगळी हिरवी लुगडी बांधून आत ठिवली." ती जरा हसली. "आदी लय न्हेसायची. मळ्यात जाताना, जत्रंला. तेवडंच ऱ्हायलंय त्येच्या डोळ्यात."

"कामात असेल," मी म्हणालो.

"आसंल की. मी कुटं न्हाई म्हंते." ती पुन्हा चालू लागली. "खोटं तरी बोलला. त्या पोरीच्या लेकानं त्येवडंबी न्हाई क्येलं." पोर म्हणजे मावशी. त्या वयानं अक्कापेक्षा लहान होत्या.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. डब्यातून मी आणून दिलेला तो अंक काढला आणि फोटो माझ्यापुढे धरला. "ह्यात बगून सांगितलं न्हवं त्येनं?"

"हो."

"माळ बरोबर, नारळ बरोबर, हात बरोबर," ती म्हणाली. "मग लुगड्याचंच आसं कसं झालं?"

मी तिला समजावून सांगितलं. त्या काळी आमच्या दैनिकात आतली पानं काळ्या शाईतच निघत. रंग फक्त पहिल्या पानाला मिळे, आणि तोही साडीच्या दुकानाची जाहिरात असेल तर.